शांततेचा बंदोबस्त

गिरणगावच्या इतिहासावर डॉक्टरेट मिळवलेल्या हितेंद्र परबला, महाविद्यालयाने इतिहास विभागच गुंडाळल्यावर, एका कंपनीने माहितीचा हमाल म्हणून ठेवून घेतले होते. कंपनीचा काचेचा मनोरा जिथे उभा होता, तिथे पूर्वी कापसाचे गोदाम होते. आता त्याला क्लाऊड डेटा वेअरहाऊसची, म्हणजे आकाशातल्या गोदामाची, परीक्षा द्यायची होती. आज प्रमाणपत्र मिळाले तर नोकरी कायम. नाही तर रामराम.

परीक्षा घरूनच, संगणकावर होती. दार बंद हवे आणि खोलीत परका आवाज आला की परीक्षा तिथेच रद्द, अशी अट होती. काळाचौकीच्या चाळीत भरदिवसा दार लागते ते कडाक्याच्या भांडणात किंवा नव्या लग्नात. हितेंद्रच्या घरी दोन्हींची सोय नव्हती. तेव्हा शेजारच्या अंबिकाकाकींना कल्पना देणे भाग होते.

"काकी, कुणाला इकडे फिरकू देऊ नका. आणि आवाज अजिबात नको."

"मेल्या, माका सांगतंस? तू अभ्यास कर. बाकी माझ्यावर सोड."

त्याने सोडले.

काकींनी गणेशोत्सव मंडळाच्या दीपकला गाठले. सकाळी गॅलरीच्या दोन्ही टोकांना दोरखंड लागले, बिल्ले लावलेले कार्यकर्ते उभे राहिले, कुकरच्या शिट्ट्यांवर बंदी आली. हितेंद्रला भरून आले. विद्येचा इतका मान महाविद्यालयाने कधी राखला नव्हता.

पेपर उत्तम चालला होता. शेवटाकडे प्रश्न आला: गोदामात कुणाला किती अधिकार द्यावेत? हे त्याला तोंडपाठ होते. कामापुरतेच, तसूभरही अधिक नाही. त्याने अचूक उत्तरावर बोट ठेवले आणि दाराबाहेर दीपकचा भोंगा कडाडला:

"रहिवाशांना नम्र विनंती! आपला हितू परीक्षेला बसलाय! कृपया शांतता राखा! ए, मिक्सर कोण लावतंय रे? बंद कर!"

पडद्यावर अक्षरे उमटली: परका आवाज. परीक्षा रद्द.

त्याने दार उघडले. अख्खी गॅलरी श्वास रोखून उभी होती.

"सोपी होती ना रे?" काकी कुजबुजल्या.

"रद्द झाली, काकी. आवाज आला म्हणून."

काकी संतापल्या. "बघ, दीपक! त्या मिक्सरवालीला आधीच दम द्यायला हवा होता."

"टेन्शन नको घेऊ, हितू," दीपक म्हणाला. "पुढच्या वेळी दोन भोंगे लावू."

पुढची वेळ नाही, हे सांगायला हितेंद्रने तोंड उघडले. दोरखंडाजवळच्या कार्यकर्त्याने ताबडतोब ओठांवर बोट ठेवले. बंदोबस्त अजून उठला नव्हता.