दादाची पांढरी खडी

आमच्या दादाचं शहाणपण नेहमी दुसऱ्याच्या जिवावर उठतं. या वेळी ते आईच्या अंगणात उतरलं. आईजवळ राहते मी, दादा दोन गल्ल्या पलीकडे. पण घराची शोभा त्याच्या अखत्यारीत. फाटकापासून दारापर्यंत त्याने ट्रकभर पांढरी खडी ओतून घेतली.

"पाणी मुरतं, चिखल होत नाही," तो मला ऐकवत होता. "आणि कुणी पाऊल टाकलं की आवाज होतो. घरबसल्या कळतं कोण आलंय ते." जणू खडीचा शोध यानेच लावला!

आई चाकाच्या खुर्चीत असते, हे या दीडशहाण्याच्या गावीही नव्हतं. कामावरून आले की मी तिला फाटकापर्यंत न्यायची. समोरच्या शिंपीणबाई तिथे यायच्या आणि दोघी मिळून अख्ख्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. दिवसभरात आई हसायची ती तेवढीच. आता चाकं खडीत रुतायची, आणि शिंपीणबाईंचे गुडघे गेलेले. त्या फाटकातून हात हलवायच्या, आई खिडकीतून. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"खुर्चीपुरती तरी वाट मोकळी कर," मी दादाला म्हटलं.

"शोभा जाईल गं सगळी! आणि आईचं बाहेर काय अडलंय?"

सुट्टीच्या दिवशी तो आपल्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला घर दाखवायला घेऊन आला. आईच्या खोलीत छाती फुगवून म्हणाला, "कामाचा कितीही रगाडा असो, आईकडे रोज एक चक्कर असतेच माझी."

साहेबांच्या बायकोचे डोळे पाणावले.

"येतो हो, रोज येतो," आई म्हणाली. "ही कामावर असते तेव्हा. मला इथे पडल्या पडल्या कळतं. गाडी थांबते, फाटक वाजतं, खडी वाजते. मग दाताळं फिरतं, खडी सारखी होते. मग फाटक लागतं."

"आणि मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय, गाडी सुरू होते." आई दादाकडे वळली. "तू म्हणालास ते खरं रे बाळा. कोण आलंय ते बरोबर कळतं."

दादाचं तोंड एवढंसं झालं. मी फावडं घेऊन अंगणात उतरले. साहेबांच्या बायकोने पर्स पायरीवर ठेवली आणि मुकाट्याने दाताळं उचललं. दादा मात्र दारातून हलेना. पाऊल टाकलं असतं तर आईला ऐकू गेलं असतं.