लस भरणाऱ्याचं घर

कंपनी फुकट देते ती गोष्ट माणसं सहसा सोडत नाहीत. दिवाळीचा मिठाईचा डबा लहान निघाला तरी आपण कुरकुर करतो. पण अंबडच्या एका लस बनवणाऱ्या कंपनीत दर वर्षी शिबिर भरायचं आणि तीनशे कामगारांतले जेमतेम चार-पाच जण नाव द्यायचे. मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस, आणि बायकांची त्याच आजाराची तपासणी!

निवृत्ती तिथे पॅकिंगचा सुपरवायझर. लसीची पेटी दोन मिनिटं जास्त बाहेर राहिली तर समोरच्याला फैलावर घेणारा माणूस. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्याच विभागातल्या चिमाजीने लेकीचं नाव दिलं, तेव्हा भर कॅन्टीनमध्ये ह्यानेच विचारलं होतं, "का रे, लेकीवर भरवसा नाय का?" ह्या आजाराचा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं; सगळे हसले. चिमाजी खाली मान घालून जेवत राहिला. त्याच शिबिरात बायकांच्या तपासणीसाठी मिळालेला कागद निवृत्तीने घरी नेलाच नाही. असला कागद सुवर्णाच्या हातात द्यायची त्याला लाज वाटली.

सुवर्णा, त्याची बायको, निफाडकडची. अवेळी रक्त जायला लागलं तेव्हा तिनेही लाजेपायी ते वर्षभर अंगावर काढलं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, तोच कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत पोचलाय.

याच आजारावरच्या नव्या इंजेक्शनची रुग्णांवरची चाचणी कंपनीच करत होती. निवृत्ती फाइल घेऊन संशोधन विभागाच्या उज्ज्वला मॅडमकडे गेला. मॅडमनी प्रत्येक पान वाचलं.

"निवृत्तीभाऊ, हे औषध शरीराच्या स्वतःच्या ताकदीला आजाराशी लढायला लावतं. वहिनींच्या अंगात ती ताकद आता राहिलेली नाही. त्यांना चाचणीत घेता येणार नाही."

"मॅडम, बारा वर्षं झाली मला इथे. मी घरचाच माणूस आहे."

"म्हणूनच खोटी आशा दाखवत नाही. दोन वर्षांपूर्वी तपासणी झाली असती, तर कदाचित या औषधाची गरजच पडली नसती."

त्या कागदाबद्दल मॅडमना सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

घरी येऊन त्याने सुवर्णाला नकार सांगितला. ती रडली नाही.

"माझं झालं ते झालं. पूजाला ती सुई द्या."

"अगं, तेरा वर्षांची पोर. लोक काय म्हणतील?" सवयीने त्याच्या तोंडून गेलंच.

"लोक? मला चार पावलं चालवत नाय, तेव्हा कोण येतं धरायला? देशभरच्या पोरींना तुम्ही पेट्या भरून पाठवता. आपलीच पोरगी तेवढी लोखंडाची हाय का? आन् आजार काय चालचलन बघून येतो? मी तुमच्याबिगर कुणाचं तोंड पाह्यलं नाय. तरी मला झालाच ना?"

त्याला स्वतःचीच किळस आली.

त्या आठवड्यात तो पूजाला घेऊन कंपनीच्या दवाखान्यात गेला. लस टोचून झाल्यावर नर्सने सहज विचारलं, "आईची तपासणी कंपनीच्या शिबिरात झाली असेल ना?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण पूजा त्याच्याकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी कागद मिळाला होता. मीच घरी नेला नाही. मला लाज वाटली."

एरवी गाडीवर मागे बसली की पूजा त्याचा शर्ट घट्ट धरायची. त्या दिवशी तिने सीटमागची कडी धरली.

पाडव्याच्या आधी सुवर्णा गेली.

आता निवृत्ती कॅन्टीनमध्ये उभा राहून बायकोच्या आजाराचं नाव मोठ्याने घेतो. चिमाजीची त्याने सर्वांसमोर माफी मागितली. यंदा शिबिरासाठी अकरा नावं आली. तीनशेतली अकरा! पूजा त्याच्याशी कामापुरतंच बोलते, आणि तिचं चुकतं असं त्यालाही वाटत नाही.

मित्रहो, लस कारखान्यात बनते, पण ती घरात यायची तर उंबऱ्यावरची लाज आपणच हटवायला हवी. निवृत्तीने ती हटवली, पण बायको हातची जायला लागल्यावर. तुम्ही तेवढी वाट पाहू नका.