नवव्या टोपलीवरचं तेल

मित्रांनो, कळंब्याच्या तलावाकडे उतरणाऱ्या माळावर, अगदी टोकाला, गंज खात उभी असलेली मी एक जुनी लोखंडी टोपली आहे. माझ्यात कधी भाकरी ठेवली नाही की फुलं. माझ्या डोक्यावरच्या कड्याला साखळ्या लोंबतात. लांबून भिरकावलेली प्लास्टिकची तबकडी त्यांच्यावर आपटते, दमते आणि माझ्या पोटात येऊन पडते. एवढाच माझा संसार.

१९९७ साली शाहूपुरीत कृष्णात वेल्डरने मला घडवलं. "सायेब, ह्यात कोंबड्या ठिवणार व्हय?" त्यानं विचारलं, तेव्हा माळाचे मालक यज्ञेश्वरराव, आमचे साहेब, खळखळून हसले. परदेशात पाहिलेला हा तबकडीचा खेळ त्यांनी स्वतःच्या माळावर आणला होता. नऊ टोपल्या मांडल्या. मी नववी, पाण्याच्या काठची. रविवारी त्यांची मित्रमंडळी यायची. साखळ्या खणखणल्या की बगळे उठायचे, आणि माळाचा राखणदार आकाराम ओरडायचा, "घावली, घावली!"

२००४ साली साहेबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मित्र येईनासे झाले. साहेब मात्र रोज संध्याकाळी आकारामच्या खांद्याला धरून माझ्यासमोर वीस पावलांवर उभे राहत. तबकडी गवतातच पडे.

"एकदा हिच्या पोटात पडली, की समजेन हात अजून माझा आहे," ते म्हणत. "नाहीतर सोडला नाद."

एका शनिवारी आकारामने मारुतीला तेल वाहिलं आणि वाटीत उरलेलं माझ्या साखळ्यांना चोळलं. "देवाचं तेल हाय. आज सायबांचं ऐक, बाई," तो हळूच म्हणाला.

त्या संध्याकाळी तबकडी आली. सरळ माझ्या छातीवर! मी सगळ्या साखळ्यांनी तिला कवटाळलं. पण ती तेलावरून सटकली आणि मागच्या गवतात गेली.

साहेब घराकडे वळले. आकारामने साखळी चाचपली, आपली तेलकट बोटं पाहिली आणि तो धावला. "सायेब, माझं चुकलं! तेलानं घसरली वो. तुमचा हात बराबर हुता!"

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आकाराम, माझं मन राखायला खोटं बोलायला कधी शिकलास रे?"

मला वाचा असती तर!

ते पुन्हा आले नाहीत. दिवाळीच्या आधीच गेले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आकाराम राख आणि सोड्याचं पाणी घेऊन आला. त्यानं एकेक कडी घासली. मग साहेबांच्या जागी उभं राहून, जन्मात पहिल्यांदा, तबकडी फेकली. अगदी त्यांच्यासारखीच हळू. साखळ्या वाजल्या. ती माझ्या पोटात पडली.

"बघा की वो, सायेब," तो म्हणाला, आणि गवतात बसून लेकरासारखा रडला.

मित्रांनो, आता फाटकाला कुलूप आहे. माझी निगा राखायला कुणी येत नाही. त्याची तक्रार नाही. एकच मागणं आहे. ज्याची काळजी घ्याल, त्याला काय सोसतं ते आधी जाणून घ्या. आणि कुणी कळवळून म्हणालं, "तुझं चुकलं नव्हतं," तर त्याच्या बोटांकडे एकदा तरी वळून बघा.