घड्याळवाल्यांचा अंदाज

वादळ आपल्या किनाऱ्यावर येणारच नाही, उत्तरेला वळेल, असं घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळवाले गच्चीवरून छातीठोकपणे सांगत होते. त्यांच्या मेहुण्याच्या मते ते सरळ इथेच आदळणार होतं. दोघांनाही हवामानाचं वेड. त्यामुळे घरं रिकामी करा म्हणून भोंग्याची गाडी ओरडून गेली तरी दोघांपैकी एकही हलेना. घड्याळवाले निघाले असते तर अंदाज चुकल्याची कबुली झाली असती, आणि मेहुणा निघाला असता तर त्याचं वादळ बघायचं राहिलं असतं.

"भाऊजी, हवेचा दाब आणखी उतरला!" मेहुणा लग्नाची बातमी द्यावी तसा म्हणाला.

"वळायच्या आधी उतरतोच," घड्याळवाले गरजले. असं काही नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात त्यांची बायको भरलेली बॅग घेऊन वर आली. "अहो, खाली गाडी उभी आहे. येताय ना?"

"मुळीच नाही. माझा माझ्या अंदाजावर विश्वास आहे."

"बरं," म्हणत तिने बॅग खाली ठेवली आणि तिच्यावरच बसली. "मग मीही इथेच. माझा तुमच्यावर आहे."

घड्याळवाल्यांनी आभाळ सोडून तिच्याकडे बघितलं. मग तिला हात देऊन उठवलं आणि बॅग खांद्याला लावली.

"म्हणजे हरलात!" मेहुणा ओरडला.

"अंदाज शंभर टक्के बरोबर आहे. पण तो मी माझ्या जिवावर तपासीन, हिच्या नाही. चल."

"भाऊजी, यालाच हरणं म्हणतात."

"म्हण की. गाडीत बसून म्हण."