तेलाच्या पंपाची पिन

इंजिनाचे भाग धुतलेलं रॉकेल फडक्यातून गाळून झालं आणि तळाच्या गाळात काहीतरी चमकलं. मी बोटाने काळा चिखल बाजूला सारला. एक छोटी पोलादी पिन होती, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी लांब.

"अहो," मी म्हटलं, "ही कुठली?"

आमचे हे मोटरसायकलच्या टाकीवरून मऊ फडकं फिरवत होते, सकाळपासून सातव्यांदा. मान न वळवताच म्हणाले, "असेल जुनी कुठली तरी. फेकून दे."

"जुनी म्हणजे?"

"अगं, एवढं मोठं इंजिन जोडलं की दोन-चार वस्तू उरतातच. मेकॅनिक लोकांकडे उरलेल्याचा डबाच असतो."

मी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं मोजायचं काम केलं आहे. 'दोन-चार वस्तू उरतातच' हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये. आमच्याकडे आधी मोजतात, मध्ये मोजतात आणि पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजतात. गॉजचा एक तुकडा जरी कमी भरला तरी सुई थांबते. निदान थांबायला हवी.

"गाडी सुरू करायची नाही," मी म्हटलं.

यांचं फडकं थांबलं. "सिस्टर," हे म्हणाले. मी कडक झाले की हे घरातसुद्धा मला सिस्टर म्हणतात. "साडेनऊ झालेत. अकराला दादा येतोय."

दादा म्हणजे माझे मोठे दीर, आणि गाडी मुळात त्यांची. जपानी, चार सिलिंडरची, पुढे वाकून बसायची. त्या काळी आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी मी नर्सेसच्या होस्टेलवर राहत होते आणि हे मला भेटायला यायचे. एकदा दादांच्या मिनतवाऱ्या करून ही गाडी घेऊन आले. होस्टेलच्या फाटकासमोरून उगाचच चार फेऱ्या मारल्या, खिडक्या उघडाव्यात म्हणून. खिडक्या उघडल्याही. परत जाताना वाटेत इंजिन जाम झालं. आत तेलच नव्हतं.

"मी तेल पाहिलं होतं, दादा," असं यांनी घरी सांगितलं. पाहिलं नव्हतं. लग्न झाल्यावर मला कबूल केलं, दादांना कधीच नाही. दादांनी गाडी शेडमध्ये लोटली, वर ताडपत्री टाकली आणि त्यानंतर चार माणसं जमली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "याच्या हातात यंत्र तेवढं देऊ नका." हसत म्हणायचे. सगळे हसायचे, हेही हसायचे आणि घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलायचे नाहीत. माझा काय दोष होता कोण जाणे.

तीन वर्षांपूर्वी दादांची नजर जायला लागली. आता त्यांना नुसत्या सावल्या दिसतात. शेड रिकामी करायचं ठरलं, गाडी भंगारात जाणार होती, तेव्हा हे टेम्पो घेऊन गेले. "मी चालू करून दाखवतो," एवढंच म्हणाले. दादा हसले. मलाही हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? माणूस पाणीपुरवठ्यात मीटर वाचणारा. तीस वर्षं घरोघरचे आकडे लिहिले. त्यातले किती मीटरसमोर उभं राहून आणि किती झाडाखाली बसून, ते विचारायचं नाही.

पण माणसाने केलं. टाकीत खडी आणि व्हिनेगर घालून ती आठ दिवस हलवली, तेव्हा आतला गंज निघाला. व्हॉल्व्ह हाताने घासून बसवले. चार कार्ब्युरेटरची केसाएवढी भोकं आम्ही दोघांनी चष्मे लावून बारीक तारेने मोकळी केली. मागच्या खोलीतला पलंग गेला, तिथे इंजिन आलं, आणि पाहुणे यायचे बंद झाले याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. लाल रंगाचे हातांवर हात चढत गेले आणि एके दिवशी खिडकीतून ऊन आलं तर टाकीत माझा चेहरा दिसला.

निघालेले सुटे भाग ठेवायला मी थिएटरमधून मोडीत काढलेले स्टीलचे ट्रे दिले आणि एक वही घातली. डाव्या बाजूला काय निघालं ते मी लिहायचे. परत बसवलं की उजव्या बाजूला हे बरोबरची खूण करायचे. चूक झाली ती तिथे, आणि ती माझी. आमच्याकडे वापरणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा असतो. पण हे म्हणाले होते, "एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?" आणि मी विरघळले.

आता मी वही घेऊन पायरीवर बसले. तिसऱ्या पानावर हात थांबला. 'उजवी बाजू, झाकणाच्या आत'. एकोणीस ओळी, एकोणीस खुणा. बघून केलेली खूण आणि आठवून केलेली खूण यांतला फरक मला झोपेतही कळतो. बघून केलेल्या खुणा वेड्यावाकड्या असतात. एक ठसठशीत, एक तेलाने पसरलेली, एक घाईतली, कारण मध्ये हात दुसरं काम करत असतो. या एकोणीस एकाच कलाने, एका दमात ओढल्या होत्या आणि पानाला तेलाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"या खुणा कधी केल्या?"

"बसवताना."

"सगळ्या?"

हे टाकीकडे बघत राहिले. "दुसऱ्या दिवशी केल्या. पण बसवलं सगळं होतं."

सतराव्या ओळीवर बोट ठेवून मी वाचलं. "पिन, लहान, एक. तेलाचा पंप."

यांच्या तोंडचं पाणी पळालं. ती पिन काय करते ते तीन वर्षांत मलाही पाठ झालं होतं. इंजिनाचा गिअर आणि पंपाची दांडी यांना ती जोडते. ती नसली तर गिअर फिरत राहतो, पंप ढिम्म बसून राहतो, तेल वर चढत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन जाम. पुन्हा. आणि या वेळी दादांच्या पुढ्यात.

"पण मी बसवली होती," हे म्हणाले. "आठवतंय मला. आणि नसती बसवली तर तेलाचा दिवा लागून राहिला असता, तेव्हा कळलंच असतं."

"तीन वर्षांनी इंजिन गरजलं असतं आणि तुम्ही दिव्याकडे बघत बसला असतात?"

"मी बसवली होती, सांगतोय ना."

"तेलही पाहिलं होतं," मी म्हणाले.

बत्तीस वर्षांत हे वाक्य मी एकदाही उच्चारलं नव्हतं. बोलले आणि जीभ चावली. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग खाली बसले, तेल काढायची परात गाडीखाली सरकवली आणि पाना उचलला. मला तेव्हा यांचा इतका अभिमान वाटला की मी उठून दुसरा पाना शोधायच्या निमित्ताने आत गेले.

झाकण उघडताना मधलं कागदी गॅस्केट फाटलं. ते फाटणारच होतं. क्लच बाहेर आला, त्याच्या स्प्रिंगा ट्रेमध्ये गेल्या, आणि या वेळी मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन मोठ्याने मोजली. मग यांनी पंपाचा गिअर बोटाने फिरवला. तो भिंगरीसारखा फिरला. मागची दांडी जागची हलली नाही.

हा असा क्षण मला माहीत होता. एकदा शिवता शिवता मी एका मोठ्या सर्जनला थांबवलं होतं, रक्त टिपायचा एक मॉप कमी आहे म्हणून. ते ओरडले, तुम्हाला मोजता येत नाही म्हणाले, आणि अकरा मिनिटांनी मॉप आतड्यामागे सापडला. तो त्यांनी बादलीत टाकला आणि "पुढे चला" म्हणाले. तो पेशंट आठव्या दिवशी चालत घरी गेला, डॉक्टरांना फुलं देऊन. बरोबरच आहे. जे घडलंच नाही त्याची फुलं कुणाला देणार? माझी सगळी नोकरीच न घडलेल्या गोष्टींची. निवृत्तीच्या दिवशी भाषणात साहेब म्हणाले, सिस्टरांच्या काळात विशेष काही घडलं नाही.

अकराला पाच कमी असताना फाटक वाजलं. जाऊबाईंनी दादांना कोपराला धरून आणलं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पायरीशी थांबून त्यांनी नाक वर केलं.

"तेल काढलंय. काय उघडून बसलायस? आज सुरू करणार म्हणाला होतास ना?"

मी सावरून घ्यायला तोंड उघडलं. "भाऊजी, त्याचं काय झालं, मीच म्हटलं की जरा..."

यांनी मला हाताने थांबवलं. काळे झालेले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हे तसेच जमिनीवर बसून होते.

"पंपाची पिन राहिली होती, दादा. माझ्याकडून. न बघता वहीत खूण केली होती. हिने पकडली." मग मान वर करून म्हणाले, "आणि तेव्हाही मी तेल पाहिलं नव्हतं."

जाऊबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी गाडीकडे बघायला लागले.

"माहीत आहे," दादा म्हणाले. "गाडी घरी आली त्याच दिवशी खालचा नट काढून पाहिला होता. थेंब नव्हता आत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलला नाहीस म्हणून." दादा चाचपडत स्टुलावर टेकले. "बत्तीस वर्षं लावलीस. मीटर वाचायला तरी वेळेवर जायचास का रे? आण, टॉर्च दे इकडे. पिन कुठे जाते ते बघू."

यांनी टॉर्च दिला. ज्याला दिसत नाही त्याच्या हातात टॉर्च, आणि उजेड पडला पुढच्या चाकावर. मी दादांचं मनगट हलकेच धरून इंजिनाकडे वळवलं. त्यांनी हात जराही हलू दिला नाही, पुढची पंधरा मिनिटं. पिन चिमट्याने भोकात गेली, तिच्यावर गिअर बसला, आणि यांनी बोटाने गिअर फिरवला तेव्हा मागची दांडी गुपचूप बरोबर फिरली. "फिरली," हे म्हणाले. "ऐकू आलं," दादा म्हणाले.

गॅस्केट मी केलं. झाकणावर जाड कागद ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकत गेले की बरोबर तेवढा आकार कापला जातो. जाऊबाईंनी कागद धरला आणि त्यांची दोन नखं काळी झाली, त्याबद्दल त्या आजही बोलून दाखवतात. क्लच, स्प्रिंगा, झाकण, चौदा बोल्ट. प्रत्येक वस्तू यांनी मागायची, मी द्यायची आणि आत गेलेली बघून मीच खूण करायची. या पानावर तेलाची बोटंच बोटं उमटली. तेल पुन्हा गाळून ओतलं, तेव्हा दीड वाजला होता.

गाडी अंगणात आणली. यांनी चोक ओढला, चावी फिरवली, बटण दाबलं. गाडी खोकली. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकली आणि मागून निळा धूर आला. जाऊबाई चार पावलं मागे सरकल्या. तिसऱ्यांदा चारही सिलिंडर एकदम पेटले आणि अंगणातल्या दोरीवरचे चिमटे थरथरायला लागले.

हे ओरडत होते, काय ते कळत नव्हतं. जाऊबाई कानांवर हात ठेवून हसत होत्या. मी दिव्याकडे बघत होते. तेलाचा लाल दिवा एक क्षण, दोन क्षण लागून राहिला आणि विझला. तेल चढलं होतं. मी कधी नव्हे ते भर दिवसा, दिरांसमोर, नवऱ्याच्या पाठीत एक जोरदार थाप मारली.

इंजिन ताप धरेपर्यंत दादा टाकीवर तळहात ठेवून, मान तिरकी करून ऐकत राहिले. मग म्हणाले, "डावीकडचा पहिला जरा मागे पडतोय. ते होईल नंतर. कुणाच्या हातात दिलं होतं यंत्र?"

"माझ्या," हे म्हणाले.

"ठीक आहे मग. बस पुढे. मी मागे बसतो."

जाऊबाई म्हणाल्या, "अहो, गुडघे बघा जरा स्वतःचे, वय बघा." यांनीही चमकून माझ्याकडे पाहिलं. दादांनी त्या दोघांकडे लक्ष दिलं नाही. भावाच्या खांद्याला धरून ते उभे राहिले आणि मी जिथे होते त्याच्या थोडं डावीकडे तोंड करून विचारलं, "सिस्टर, मोजलंस ना सगळं?"

एकतीस वर्षांत शिवण्याआधी असं थांबून मला विचारणारे डॉक्टर दोन किंवा तीन.

"मोजलं, भाऊजी," मी म्हटलं. "सगळं आत आहे."

दादांनी मान हलवली, दुखरा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला आणि बसले.