माळ्याच्या घरची विळी

मित्रांनो, मी विळी आहे. म्हातारी झाले, पातं झिजून बोटभर उरलं, बाभळीच्या पाटाला चीर गेली, तरी मला गोड बोलता येत नाही. जिचा जन्म कापण्यात गेला तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी करूही नये. ऐकायचं असेल तर ऐका.

अल्लीपूरच्या एका लोहाराने बैलबंडीच्या जुन्या धावेतून मला घडवलं. धाव म्हणजे बंडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. दगडधोंड्यांवरून, चिखलातून फिरून फिरून त्या लोखंडाला मार खाण्याची सवयच झाली होती. लोहाराने ते तापवलं, ठोकलं, वाकवलं, पाणी पाजलं. बायजाच्या बापाने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि मला लेकीच्या आंदणात ठेवलं. स्वराज्य यायच्या आधीचा तो उन्हाळा. बायजाला केळझरकडच्या एका माळ्याच्या घरी दिली होती. बंडीत भांड्यांच्या मधे बसून मी जात होते आणि मनात म्हणत होते, नशीब काढलं गं बाई. विहिरीवर मोट, वाडीत बारा महिने भाजी! आपल्याला दम खायला उसंत मिळायची नाही.

उसंतच उसंत मिळाली. मला गंज चढला.

त्या घराचा कायदा असा होता की वाडीत जे पिकेल ते बाजाराचं. कायदा होता रामबाईचा, म्हणजे बायजाच्या सासूचा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वाडी तिने एकटीने ओढून नेली होती, हे मी नाकारत नाही. पहाटे मेथी, पालक, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, लाल कोहळी टोपल्यांत भरली जायची आणि तिचा मुलगा सोनबा बंडी जुंपून सिंदीच्या बाजाराला निघायचा. विकाऊ मालाला घरचा दात लागला की वाडीची बरकत जाते, असं रामबाईने धरून ठेवलं होतं. घरात ज्वारीची भाकर, लाल तिखट, कांदा आणि सणावाराला वरण. जांब, म्हणजे पेरू, पिकले की तेही टोपलीत. पपई पिकली की तीही टोपलीत. बाजारातून जे परत यायचं, सुकलेलं, मळलेलं, ते सोनबा बैलांपुढे टाकायचा.

बैलांची अंगं तुकतुकीत होती. माणसांची नव्हती. हे त्या घरात कोणालाच दिसत नव्हतं आणि मला तोंड नव्हतं.

माझं कौतुक झालं ते लोकांच्या मांडवात. गावात लग्न निघालं की मला मागून न्यायचे. मी कोहळ्याच्या फोडी करायची, वांगी चिरायची, स्वयंपाकी म्हणायचा की अशी धार पंचक्रोशीत नाही. त्या पंगतींत आमच्या घरची माणसं भाजी दोनदा मागून घ्यायची. सगळ्या गावाला भाजी पिकवून घालणारी माणसं दुसऱ्याच्या लग्नात भाजी मागून खातात, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. मी लोखंड आहे म्हणून गप्प बसले. माणसं कशासाठी गप्प बसतात ते मला अजून कळलेलं नाही.

बायजाला दिवस गेले तेव्हा संध्याकाळी तिला दिसेनासं झालं. दिवा लावायचा तर ती कोनाडा चाचपायची. घाबरून तिने सासूला सांगितलं. रामबाई हसली. म्हणाली, पोटुशी बाईला दिवेलागणीला दिसत नसतंच, आम्हालाही दिसत नव्हतं, बाळंतीण झालीस की दिसेल. त्या घरात ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच होऊन बसली होती. बायजाने मानलं. पुढे जिजा झाली आणि बायजाला थोडंथोडं दिसूही लागलं. मग कोण कशाला विचार करतो?

जिजा सहा वर्षांची झाली तेव्हा पहिली निवडणूक होऊन गेली होती. पोरगी दिवसा पाखरासारखी भिरभिरायची. ऊन उतरलं की मात्र भिंतीला हात लावून चालायची. कोणाला सांगायची नाही. आपली कामं आधीच उरकून घ्यायची, उजेड असताना जेवून घ्यायची आणि मग एका जागी बसून राहायची. तरी कधी तांब्या लवंडायचा, कधी दाराची चौकट कपाळाला लागायची. रामबाई म्हणायची, पोट्टी धांदरट आहे. शेजारीण म्हणायची, दृष्ट लागली. गळ्यात ताईत आला, डोळ्यांत काजळ आलं. ताटात मात्र तीच भाकर आणि तेच तिखट.

एका संध्याकाळी आईने हाक मारली म्हणून जिजा चुलीकडे आली. मी जिथे रोज असते तिथेच, भिंतीशी होते. दुपारी ती मला वळसा घालून गेली होती. आता ती सरळ माझ्यावर आली. तिचा पाय माझ्या पात्यावर पडला.

पाय मी कापला, मित्रांनो, हे खरं आहे. पण तिचे डोळे मी घेतले नव्हते.

रामबाईने पोरीला उचललं, जखमेवर हळद दाबली, आणि मला धरून अंगणात आली. "ज्या पावशीनं लेकराचं रगत पेलं, थे ह्या घरात रायनार नाई," असं म्हणून तिने मला गोठ्याच्या छपराच्या कवेलूंवर भिरकावलं. आमच्याकडे विळीला पावशी म्हणतात. तिथे मी ऊन खात आणि पाऊस पीत पडले. तिथून मला अंगण दिसायचं, वाडीची विहीर दिसायची, आणि सगळ्यांचं बोलणं ऐकू यायचं.

जखम चिघळली तेव्हा बायजा पोरीला घेऊन सिंदीच्या दवाखान्यात गेली. मी तिथे नव्हते. परत आल्यावर ती अंगणात सोनबाला जे सांगत होती तेच तुम्हाला सांगते. डॉक्टरने पाय बांधला आणि मग पोरीची पापणी वर करून बराच वेळ पाहत राहिला. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग होता. त्याने विचारलं, संध्याकाळी हिला दिसतं का? मग विचारलं, ही खाते काय? पालेभाजी, कोहळं, पपई? बायजाने सांगितलं की आम्ही माळी आहोत, भाजी विकतो. मग त्याने प्यायला तेलकट औषध दिलं आणि बजावलं की बाटली संपेल, भाजी संपता कामा नये. रोज हिरवा पाला, थोड्या तेलात परतून. रोज काहीतरी पिवळं किंवा लाल, कोहळं नाहीतर पपई. आज फक्त संध्याकाळ गेली आहे, असंच चाललं तर डोळ्याचं बुबुळच वितळेल आणि मग दिवसही जाईल.

सोनबाने सगळं ऐकलं आणि दावं वळत बसला. इतकंच म्हणाला, "बुढीले कोन सांगन?"

बायजा बाटली घेऊन आत गेली.

बाजाराचा दिवस उजाडला. टोपल्या बंडीत चढल्या होत्या, सोनबा बैल आणत होता. बायजाने लांब काठी घेतली, मला कवेलूंवरून ओढून खाली घेतलं, दगडावर पाणी टाकून खसाखसा घासलं. मग बंडीकडे गेली, टोपलीतून मेथीची जुडी उपसली आणि भर अंगणात माझ्या पाटावर पाय ठेवून बसली.

रामबाई दारातून पाहत होती.

"बाजाराच्या टोपल्यात हात घालून राह्यली तू?"

"हो आत्या."

"अन् थे पावशी? पोरीचं रगत लागलं तिले."

"रगत धुतलं म्या," बायजा म्हणाली आणि पहिली मूठ चिरली.

रामबाई पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, खाली गेला. "पाला ढोरं खातेत, बायजे. ढोराचं खानं तू लेकराले चारतं?"

"ढोराले दिसते, आत्या. माह्या पोरीले दिसत नाई."

सोनबा बैलांसकट जागीच थांबला. रामबाई म्हणाली की पोरगी नखरे करते. बायजाने डॉक्टरचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आणि सांगताना हात थांबवला नाही. रामबाई म्हणाली की डॉक्टरला काय कळतं, त्याला आपल्या घरची रीत काय ठाऊक. आणि मग तिच्या तोंडून गेलं, "आपल्या घरात सगळ्याच पोरींले असं होते. माही वच्छला अशीच होती. भिंत धरून चाले."

वच्छला ही सोनबाची मोठी बहीण. तो जन्मायच्या आधीच ती गेली होती. तिचं नाव त्याने ऐकलं होतं, ती विहिरीत पडून गेली हेही ऐकलं होतं. यापलीकडे रामबाईने कधी एक शब्द काढला नव्हता. दर वर्षी ती विहिरीला नारळ आणि हिरवा खण वाहायची. सोनबाला वाटायचं, पाण्यासाठी.

रामबाई ओट्यावर टेकली. "दिवेलागन होती," ती म्हणाली. "म्या तिले दोर आनाले विहिरीवर धाडलं. थे म्हने, माय, मले दिसत नाई. म्या म्हटलं, सोंगं नोको करू. थे गेली." मग तिने मेथीकडे पाहिलं. "लोकं म्हने, विहिरीनं जीव मांगतला. म्या मानलं. ह्याच वाडीत मेथी होती तवा. ढीग होता मेथीचा."

तिने मान वर केली. "तिलेई हेच होतं का वं, बायजे?"

बायजाला खोटं बोलता आलं असतं. तिने हातातली मूठ खाली ठेवली. ती म्हणाली, "होय आत्या. हेच असन."

रामबाई रडली नाही. ती उठली, बंडीपाशी गेली आणि मेथीची एक भरलेली टोपली दोन्ही हातांनी खाली ओढली. सोनबा धरायला धावला तर त्याला बाजूला सारलं. टोपली बायजाच्या समोर ठेवली आणि स्वतः खाली बसून काड्या निवडायला लागली. त्या दिवशी बंडी उशिरा निघाली आणि हलकी निघाली.

दुपारी सगळ्यांच्या ताटात मेथी होती. रामबाईने सगळ्यांना वाढलं, आपल्या ताटात घेतलं, एक घास तोंडात घातला. तो घास गिळायला तिला फार वेळ लागला.

तेव्हापासून मला खरंच उसंत राहिली नाही. बंडी भरायच्या आधी घरची टोपली भरायची, हा नवा कायदाही रामबाईचाच. मेथी चिरून ज्वारीच्या पिठात मळायची. वरणात कोहळ्याच्या फोडी टाकायच्या. मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा, कोवळा पाला, जो आजवर कोणी हातात धरत नव्हतं, तो तेलात परतायचा. भाकरीबरोबर नुसत्या तिखटाऐवजी सांभाराची चटणी. दुपारी पोरीच्या हातात पपईची फोड नाहीतर जांब. बाजारात जायचं नसेल त्या दिवशी बांधावरचा तरोटा, ज्याला कोणी टाकळा म्हणतात. यात राजाच्या घरचं काहीच नव्हतं. सगळं पाच-पन्नास पावलांवर उगवत होतं आणि त्या पावलांसाठी एक पोरगी गेली होती.

आणि आणखी एक. भाजी आली तरी बायजा सगळ्यात शेवटी जेवायची, तोवर भाजीच्या भांड्याला बोटं पुसण्याइतकंही काही उरायचं नाही. रामबाईने तिचा वाटा आधी काढून झाकून ठेवायला सुरुवात केली.

जिजाचा पाय भरून आला. डोळ्यांना वेळ लागला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पांढुरका ठिपका राहिला तो राहिलाच. पण पावसाळा सरत असताना एका संध्याकाळी शेळीचं पिल्लू दावं तोडून वाडीत पळालं आणि जिजा त्याच्यामागे धावली. थेट विहिरीच्या दिशेने. सूर्य बुडाला होता. रामबाई ओट्यावर होती. तिने हाक मारली नाही. ती नुसती उभी राहिली.

पोरगी विहिरीजवळ आली, वळसा घालून पलीकडे गेली, पिल्लाला कानाशी धरून त्याच वळशाने परत आली.

"तुले विहीर दिसली का वं?" रामबाईने विचारलं.

"दिसली ना आजी. काऊन नाई दिसन?"

रामबाईने तिला जवळ घेतलं नाही. अंधार पडून गेला तरी ती विहिरीकडे तोंड करून उभी होती. बायजाने दिवा लावला आणि ओट्यावर तिच्या शेजारी आणून ठेवला.

मित्रांनो, मी आता संपत आले आहे. तुम्हाला वाटत असेल, मी शेवटी म्हणेन की मला पुसून ठेवा, जपा, अडगळीत टाकू नका. मी तसं काही म्हणणार नाही. जपायचं असेल तर घरातलं लेकरू जपा, आणि जी बाई शेवटी जेवते तिला जपा. आज घरी गेलात की भाजीच्या भांड्यात डोकावून पाहा. त्यात हिरवं काय आहे, आणि ते कोणाच्या वाट्याला येतं, हे विचारा. कोणी म्हणालं की हा पाला ढोरांचा आहे, तर त्याच्यासमोर बसून तो खा. काही नसेल तर बांधावर जा, परसात जा, एक मूठ खुडून आणा. रोज आणा. मला रोज घासा, रोज झिजवा. मी झिजून संपले तर बाजारात दुसरी मिळेल. डोळे मिळत नाहीत.