जलंबची दोन तिकिटं

खामगाव स्टेशनच्या तिकीट-खिडकीची लाकडी फळी मधोमध अर्ध्या पेराएवढी झिजली आहे. कडा मात्र अजून धारदार आहेत. झीज एकाच जागी झाली, कारण इथे कोणी घुटमळत नाही. गाडी फक्त जलंबपर्यंत जाते. पुढे कुठे जायचं तर तिथून मोठी गाडी; तिकीट मात्र थेट इथूनच मिळतं. बुकिंगवाले दयाराम माणूस पाहूनच तिकीट काढतात.

मी खामगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवडाभर इथेच राहते आणि शनिवारी शाळा सुटली की जलंबला घरी जाते. भाजी विकायला आलेली आई परतताना सोबत असते.

नागपूरला एम.एस्सी.साठी मला गेल्या वर्षीही जागा मिळाली होती. तेव्हा याच खिडकीशी मी तोंड उघडायच्या आत दयारामजींनी जलंबच्या तिकिटावर तारीख उमटवून ते पुढे सरकवलं. शिक्का पडलेलं तिकीट परत कसं करायचं, अशी मनाची समजूत घालून मी घरी गेले. खरं कारण वेगळं होतं. बाबा नुकतेच गेले होते आणि आई एकटी होती. जागा दुसऱ्याला गेली.

यंदा पुन्हा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं.

रांगेत आईनं रिकामी टोपली कमरेवर घेतली आणि माझी पिशवी उचलून पाहिली.

“सिंधे, काऊन जड हाय वं आज?”

“पुस्तकं हायेत.”

“अन् लुगडी?”

“तीबी हायेत.” मी पिशवी तिच्या हातातून घेतली.

“वर्गात पोट्ट्यायले गती शिकवतं म्हने. सोता तं जाग्यावरून हालत नाही!”

पुढची बाई वळून हसली. मी हळूच म्हणाले, “तू एकटी पडशील ना, आई.”

“मी? बजारात मले पाय ठेवाले जागा नसते. धम्मदीक्षेले तुहे बाबा नागपूरले गेले, तवा मी म्हनलं का, घरी कोन राहीन म्हनून?”

“मंग जाऊ?”

“मले काऊन इचारतं? माह्या सांगन्यानं जाशील, तं माह्यासाठीच वापस येशील. तुह्या तोंडानं सांग.”

पुढची बाई तिकीट घेऊन बाजूला झाली. बाहेर इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडलं गेल्याचा धक्का ऐकू आला.

“या बाई, या! आज उशीर?” दयारामजींचा हात बोलता बोलता खालच्या खणात गेला होता. “दोन जलंब.”

दोन्ही तिकिटं बाहेर आली. पहिलं यंत्रात दाबलं गेलं. दुसरं त्यांच्या चिमटीत होतं. वरच्या रांगेतल्या, लांबच्या गावांच्या तिकिटांवर बारीक धूळ दिसत होती.

मी झिजलेल्या फळीवर तळहात ठेवला.

“थांबा, दयारामजी. जलंब एकच द्या, आईचं. मी नागपूरला चाललेय. शिकायला.”